पातळ आवाजाची गिटार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलमध्ये आमच्या ऑर्केस्ट्राचं पोस्टर लागलं, की त्यावर सगळ्यात मोठी अक्षरं माझी असायची. माझं नाव नव्हे. 'लेडी गिटारिस्ट' एवढंच. दोघे गायक खाली बारीक अक्षरांत, ढोलकीवाला त्याहून बारीक, आणि मी मात्र लाल रंगात, पोस्टरच्या मधोमध, कुणा भलत्याच मुलीच्या चित्रासकट. ते चित्र मालकांनी कुठल्याशा कॅलेंडरवरून उचललं होतं. त्या मुलीने गिटार उलटी धरली होती. मी हे मालकांना दाखवलं तर ते म्हणाले, "बेटा, पब्लिक इतकं बघत नाही." ऑर्केस्ट्राचे मालक आम्हा सगळ्यांनाच बेटा म्हणायचे. पगाराचा विषय निघाला की जरा जास्तच प्रेमाने म्हणायचे.

मी ऑर्केस्ट्रात कशी गेले हे आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. आमच्या आळीतल्या मुली पेटी शिकत, भरतनाट्यम शिकत, आणि फारच धाडस केलं तर टायपिंग. मी गिटारच्या क्लासला गेले, कारण तो आमच्या वरच्याच मजल्यावर होता आणि आईला खिडकीतून हाक मारता यायची. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला हे मालक आले आणि त्यांनी सहा मुलींमधून मला निवडलं. माझा हात चांगला आहे म्हणून, असं मी घरी सांगितलं. खरं कारण मालकांनी पुढे एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाकीच्या पाचजणी गिटारमागे दिसतच नव्हत्या, मी उंच होते.

वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी होकार दिला तो अटींसह. मुलीला दारापर्यंत सोडायचं, पंजाबी ड्रेसच घालायचा, आणि ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून. मालकांनी सगळं कबूल केलं, फक्त ओढणीला चकचकीत टिकल्या लावून घेतल्या. त्या टिकल्या वाजवताना तारांत अडकायच्या. म्हणजे वडिलांची अब्रू आणि मालकांचा चकचकाट ह्या दोन्हींच्या मधून वाट काढत मी संगीताची सेवा करत होते.

गिटार मालकांची, पण सरावासाठी माझ्याच घरी असायची. लालभडक, कलकत्त्याच्या बनावटीची, वजनाला पाट्यासारखी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली दोन लांबट डब्या बसवलेल्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की ह्या डब्या ती हालचाल टिपतात आणि वायरीतून पुढे पाठवतात. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज हा मुख्यतः त्या डब्यांचा असतो. बाकीची गिटार म्हणजे रंगवलेली फळी. हे ज्ञान मला तेव्हा नव्हतं. ते होण्याचं कारण म्हणजे सोलो.

आमच्या कार्यक्रमात प्रत्येकाचा एक सोलो असायचा. ढोलकीवाल्याचा असायचा, कीबोर्डवाल्याचा असायचा. निवेदक कोंबडा, कुत्रा आणि एसटीचा गिअर असे आवाज काढून दाखवायचा, तोही सोलोच. नव्हता तो फक्त माझा. एका जुन्या सिनेमातली गिटारची धून मी रोज घरी वाजवायचे, डोळे मिटून. ती धून स्टेजवर वाजवायची, एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती. स्थळं बघायला सुरुवात झाली होती. एकदा लग्न ठरलं की सासरी कोण मला गिटार गळ्यात अडकवून साखरपुड्यांना पाठवणार होतं? म्हणून मी दर महिन्याला मालकांना विचारायचे, आणि मालक दर महिन्याला एकच उत्तर द्यायचे: "बेटा, तुझा हात बेस्ट आहे. पण ह्या गिटारचा आवाज पातळ आहे. सोलोला फील नाही यायचा."

मला ते पटायचं, कारण स्टेजवर मला माझी गिटार धड ऐकूच यायची नाही. कर्णे लोकांकडे तोंड करून, आमच्या वाट्याला फक्त ढोलकी आणि पंख्याचा वारा. तालमीत तर विचारूच नका. एका शाळेच्या वर्गात रविवारी तालीम व्हायची आणि अ‍ॅम्प्लिफायर 'प्रोग्रॅमसाठी राखून' ठेवलेला असायचा. विजेची गिटार विजेशिवाय वाजवली तर डब्याला रबर लावून छेडल्यासारखी वाजते. दोन वर्षं मी तेच रबर छेडत होते. तेव्हा आवाज पातळ आहे हे खोटं कसं म्हणणार? मी ठरवलं, मालक काही करत नाहीत तर आपणच करू. मी चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. ते पैसे माझे होते.

पहिल्यांदा कीबोर्डवाल्याला विचारलं. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, सज्जन, आणि स्वतःच्या कीबोर्डवर नको इतकं प्रेम करणारा. त्याने एक बटण दाबलं आणि एक सूर वाजवला. गिटारसारखा आवाज आला. "ह्यात गिटार आहे. सॅक्सोफोन आहे. पाऊससुद्धा आहे," तो म्हणाला. "तू कशाला त्रास घेतेस?" मी म्हटलं, ते यंत्र आहे, त्याला भावना नसतात. असली वाक्यं मी त्या वयात बिनदिक्कत बोलायचे.

मग भावाला बरोबर घेऊन मुंबईच्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेले. भावाला गिटार आणि सतार ह्यांतला फरक फक्त लांबीवरून कळायचा, पण दुकानदार सगळं त्यालाच समजावून सांगत होता. काचेच्या कपाटात पिकअप मांडून ठेवलेले, मखमलीवर, सोनाराकडे ठेवतात तसे. हा अमेरिकन, हा जपानी, ह्याचा टोन गरम, त्याचा गोड. शेवटी दुकानदाराने भावाला विचारलं, "कुठल्या टाइपचं म्युझिक वाजवता?" भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हळद, साखरपुडा आणि सार्वजनिक सत्यनारायण." दुकानदाराने कपाट बंद केलं आणि म्हणाला की त्यासाठी वेगळं असं काही येत नाही. भावाला आम्ही इतक्या लवकर निघालो म्हणून बरं वाटलं.

वाइंडिंगवाल्या काकांचं नाव मला ढोलकीवाल्याने सुचवलं. उरण नाक्याजवळ त्यांचं दुकान होतं. पाण्याच्या पंपाच्या मोटरी जळल्या की त्यांची तार नव्याने भरून द्यायची, पंखे, मिक्सर सगळं. काका बेलपाड्याचे. आणि आसपासच्या साऱ्या बेंजो पार्ट्यांच्या बेंजोच्या कॉइल, म्हणजे पिकअपमधले तेच तारेचे वेढे, हेच गुंडाळून द्यायचे, शिवाय स्वतः बेंजोही वाजवायचे. आमच्या आळीत बेंजो म्हणजे हळदीत नाचायचं वाद्य, संगीत नव्हे, असा समज होता. तोच माझाही. त्यामुळे दुकानात शिरताना मी मनातल्या मनात त्यांच्यावर उपकार करत होते.

काकांनी गिटार आडवी ठेवली, एका कळकट अ‍ॅम्प्लिफायरला लावली आणि एक तार छेडली. दोन वर्षांत मी पहिल्यांदा ती गिटार खरोखर ऐकली. चांगला खणखणीत आवाज होता. मागे ट्यूबलाइटची गुणगुण येत होती एवढंच.

"हिला काय झालंय?" काका म्हणाले. "बरी वाजते की."

"आवाज पातळ आहे हिचा."

"कोन बोललं?"

"आमचे मालक."

"मालकांचे कान तपासा आदी," काका म्हणाले. मला राग आला. पंपाच्या मोटरी भरणाऱ्या माणसाने आमच्या मालकांच्या कानांबद्दल बोलावं? मी ठामपणे सांगितलं की पिकअप बदलायचेच आहेत. काकांनी खांदे उडवले. गिऱ्हाईक शहाणं असलं की दुकानदाराने गप्प बसायचं, हे त्यांना अनुभवाने माहीत असावं.

पुढचे दोन महिने मी दर शनिवारी दुपारी तिथे जात होते. पंपांच्या रांगेत एका उलट्या डब्यावर बसायचं आणि काका यंत्राचा दांडा फिरवून तार गुंडाळताना बघायचं. काका मध्येच बोलले तर वेढे मोजायला चुकायचे, आणि चुकले की माझ्याकडे बघायचे. गुणगुण जावी म्हणून त्यांनी दोन कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट जोडायचं ठरवलं. पहिल्या दिवशी टोकं जोडताना काहीतरी अदलाबदल झाली, आणि तारा एकदम गप्प झाल्या. जी काढून टाकायची होती ती गुणगुण तेवढी दुप्पट झाली. काका हसून हसून लाल झाले. "हीच ठेवू का? मालकांना आवडेल," म्हणाले. मग टोकं उलटी करून दिली.

कॉइल निवडायची त्यांची पद्धत मात्र मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मुंबईच्या दुकानात वस्तू हातात घेऊन, काचेजवळ वाकून बघतात. इथे गिऱ्हाइकाने रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. बेंजो मिरवणुकीत वाजतो, माणसं लांबून ऐकतात, मग कॉइलही लांबूनच ऐकायची. मी पलीकडच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी उभी, काका दुकानात बसून माझी गिटार छेडताहेत, मधून ट्रक, टेम्पो आणि पेणकडे जाणाऱ्या एसट्या. त्यांनी तीन प्रकारच्या कॉइल केल्या होत्या. कमी वेढ्यांची, मधली आणि जास्त वेढ्यांची. जास्त वेढ्यांची सगळ्यात जोरात वाजायची. मी लगेच हात वर केला. हीच!

काकांनी मान हलवली आणि पुन्हा वाजवली. पुन्हा ऐक, अशी खूण केली. एक एसटी गेली. मी पुन्हा ऐकलं आणि लक्षात आलं की आवाज मोठा आहे, पण तोंडात लाडू धरून बोलावं तसा आहे. मधली त्याहून हळू होती, पण प्रत्येक सूर रस्ता ओलांडून स्वच्छ येत होता. मी मधली घेतली.

"बेंजोवाले सगले मोठीच घेतात," काका म्हणाले. "आवाज मोठा पायजे. काय बोलतोय ते कललं नाय तरी चालंल."

मग ते म्हणाले, आता तू वाजव, मी तिकडे जातो. ते गुऱ्हाळाशी जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि मी माझी ती धून वाजवली. सगळी, शेवटपर्यंत. मला वाटलं, आता हा माणूस रस्ता ओलांडून येईल आणि डोळे पुसेल. काका आले, डोळे कोरडे होते. "हात बरा हाय," ते म्हणाले. "पन तू पुढचा सूर धरतेस तवा मागचा सोडत नाय. दोनी एकमेकांत जातात. खिचडी होते." मी तारेवरचं बोट उचलून बघितलं. "दोन वर्सं वाजवतेस ना? कोनीच बोललं नाय तुला?"

कोणीच बोललं नव्हतं. मला वाटलं, आमच्याकडची माणसं सुसंस्कृत आहेत, तोंडावर बोलत नाहीत. तरीही घरी येऊन मी पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले. मागचा सूर बोटाने बंद करून मगच पुढचा. आठवडेच्या आठवडे. आईला वाटलं, नुकताच एका स्थळाकडून नकार आला, त्याचं दुःख मी गिटारवर काढतेय. शेवटच्या शनिवारी काका रस्त्यापलीकडून परत आले आणि काहीच न बोलता पंप उघडून बसले. त्यांच्याकडून ह्याहून मोठं कौतुक मिळत नसे, हे मला तोवर कळलं होतं. मी आनंदाने उड्या मारायचीच बाकी होते.

मी मालकांना सांगितलं की नवे पिकअप बसवलेत, आता आवाज बघा. मालक न ऐकताच खूश झाले. "अरे वा, बेटा! मग ओवे गावातल्या साखरपुड्याला तुझा सोलो ठेवू." इतक्या सहज. मला क्षणभर वाटलं, दोन वर्षं उगाच घालवली. मालक म्हणाले, "फक्त कीबोर्डला खाली सपोर्ट ठेवू. तू घाबरू नकोस." मी म्हटलं, ठेवा. माणूस सुखात असला की उदार होतो.

ओव्याचा साखरपुडा दुपारचा होता. जमिनीचा मोबदला नुकताच मिळालेलं घर. मांडव असा की त्यात आमच्या आळीतली सगळी घरं मावली असती. कर्णे चारही कोपऱ्यांना, झाडांवरसुद्धा. काकांना त्या घरचं आमंत्रण होतंच. ते जेवणाच्या पंगती सोडून मांडवाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलेले मला स्टेजवरून दिसले. आपली कॉइल ऐकायला.

निवेदकाचा कोंबडा आरवून झाल्यावर त्याने माझं नाव पुकारलं, म्हणजे 'लेडी गिटारिस्ट' असं पुकारलं. मी पहिला सूर छेडला आणि तो चारही कोपऱ्यांतून परत आला. काय आवाज होता तो! भरलेला, गोल, प्रत्येक सूर वेगळा. खिचडीचं नाव नाही. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, मुंबईच्या त्या मखमलीवरच्या डब्यांनी येऊन ऐकावं. उरण नाक्यावरच्या कॉइलचा आवाज आहे हा, आणि माझ्या बोटांचा. मी डोळे मिटले. त्या दोन मिनिटांइतकी सुखी मी नंतर कधी झाले का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. लग्न झालं, मुलं झाली, तरीही.

धून वर चढते त्या जागी माझी सगळ्यात बारीक तार तुटली.

टचकन तुटली आणि मनगटाला लागली. मी थांबले. हात हवेत.

धून थांबली नाही.

ती वर चढली, वर जाऊन तिने सुंदर वळण घेतलं, आणि चारही कोपऱ्यांतून तशीच भरलेली, गोल, खाली येऊ लागली. मी कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून वाजवत होता. चांगला वाजवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याआडून मालक दात ओठ खाऊन हात हलवून दाखवत होते: हलव, हात हलव!

आणि मी हात हलवला. हे मी कुणाला सांगत नाही, पण आता लिहितेच आहे तर लिहिते. तुटलेली तार मनगटाला टोचत होती आणि मी शेवटपर्यंत हात हलवला. शेवटी मान जराशी तिरकीसुद्धा केली. टाळ्या पडल्या. नवऱ्या मुलाचे मामा स्टेजवर चढून बक्षीस देऊन गेले. आजवर ऐकलेली सगळ्यात छान गिटार, म्हणाले.

परतताना टेम्पोत मी मालकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. माझी वायर पहिल्या दिवसापासून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत पोचलेलीच नव्हती. स्टेजखाली गुंडाळून ठेवलेली असायची. मी जे म्हणून वाजवलं ते सगळं कीबोर्डवरून लोकांपर्यंत गेलं.

"तुला काय कमी केलं, बेटा?" मालक म्हणाले. "लोकांना गिटारवाली दिसली. गिटार ऐकू आली. दोन्ही मिळालं ना?"

"मग सोलो इतके दिवस का नाही दिलात?"

"ह्याला तुझी धून बसवायला टाइम नव्हता," ते कीबोर्डवाल्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"आणि आवाज पातळ आहे म्हणालात ते?"

"काहीतरी सांगायला लागतं ना. नाहीतर रडली असतीस."

मी रडले नाही. रागही पुरेसा आला नाही. आली ती लाज. फसवलं गेल्याची नव्हे. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, त्याची. दोन महिने रस्ता ओलांडून कान तयार केले होते, आणि आपला आवाज कुठला आणि बटणाचा कुठला, एवढं मला कळलं नव्हतं. उलट त्या बटणाच्याच आवाजाला मी माझा म्हणून मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा सोडायचं ठरवून गिटार मालकांना परत करायला निघाले ती आधी काकांच्या दुकानात गेले. काका म्हणाले, "पोरी, ती माझी कॉइल नव्हती." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. मी पिकअप काढून मागितले. ते माझे होते. काकांनी काढून दिले, आणि जुने बसवायला ड्रॉवर उघडला.

"जुने नकोत," मी म्हटलं. "नुसती झाकणं बसवा."

"आत?"

"आत काही नको. कुणाला कळतंय?"

काकांनी पेचकस खाली ठेवला. "रिकामं वाद्य कोनाच्या हातात देऊ नाय," ते म्हणाले, आणि मोटरीकडे वळले. मग पेचकस मी उचलला. दोन झाकणं, आठ स्क्रू. माझ्या हाताने घट्ट केले. मला ते तेव्हा फार झकास वाटलं. मालकांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं, असं वाटलं. गिटार परत करताना मालकांनी ती नीट तपासली, म्हणजे रंग कुठे खरवडला नाही ना, हे बघितलं.

तीनेक महिन्यांनी आमच्याच भागात सार्वजनिक सत्यनारायण होता. संध्याकाळी प्रसाद घ्यायला आईबरोबर गेले, तर स्टेजवर आमचा ऑर्केस्ट्रा. लाल अक्षरांत 'लेडी गिटारिस्ट'. नवी मुलगी, सतरा-अठराची, उंच, टिकल्यांची ओढणी पिना लावून. गळ्यात तीच गिटार. तिला सोलो मिळालेला होता. कीबोर्डवाल्याने आता चांगला बसवला होता.

मी समोर उभी राहून बघत राहिले. तिचा हात खरंच चांगला होता. ती प्रत्येक सूर दाबून धरत होती, मागचा सोडून मग पुढचा घेत होती. हे मला दोन महिन्यांनी आणि एका माणसाच्या कानांमुळे जमलं होतं, तिचं तिला येत होतं. एका जागी चुकली तर तिने ओठ चावला. कर्ण्यांतून चूक आली नाही. साउंडवाल्याने कधी चुकून, कधी दया येऊन, तिची वायर मिक्सरला जोडली असती, तरी त्या गिटारमधून काही निघालं नसतं. ते काम मालकांचं नव्हतं. ते आठ स्क्रू माझे होते.

कार्यक्रम संपल्यावर ती खाली आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं की आधी ही ताई वाजवायची. ती धावतच माझ्याकडे आली. कपाळावर घाम, गाल लाल. बोटांची टोकं तारांनी कापलेली, ती तिने ओढणीत लपवली होती.

"ताई, तुम्ही समोरच होतात ना? आम्हाला वर काहीच ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "माझा आवाज येत होता?"

मागे मालक वायरी गुंडाळत होते. आई प्रसादाचा द्रोण घेऊन थांबली होती. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"येत होता," मी म्हटलं. "छान येत होता."

ती इतकी खूश झाली की तिथेच, सगळ्यांसमोर वाकून तिने माझ्या पायांना हात लावला. पाय मागे घ्यायचंही मला सुचलं नाही.